भाचीला कॅमेरा घेतलाय, आता पुस्तकं सुचवा (फोटो, चित्रं, प्रवास, परमुलूख)

अर्धाकप

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

भाची सांगलीहून पुण्यात बी.कॉम.ला आलीये. बारावीनंतर काय हवं ते मागायला सांगून बसलो होतो, तिने कॅमेरा मागितला. नवा परवडला नाही, ओळखीतल्या एकाचा वापरलेला मिळाला, सोबत १८-५५ आणि एक ५०ची लेन्स. तेव्हापासून घरातली मांजर, कुकर, वाळत घातलेले कपडे आणि माझं टक्कल, सगळ्यांचे फोटो काढून झालेत. परवा म्हणाली, "मामा, मी पालखीबरोबर सासवडपर्यंत चालणार. वारीचे फोटो काढायचेत."

तर त्याआधी तिला काहीतरी वाचायला द्यावं म्हणतोय. फोटोग्राफी आलीच, पण नुसतं कुठलं बटण कधी दाबायचं हे सांगणारं नको. चित्रकला, प्रवास, दुसऱ्या मुलखातली माणसं कशी राहतात, असलंही चालेल. मराठीत असेल तर उत्तम, इंग्रजी तिला जमतं. खिसा तीन हजारांचा.

माझं स्वतःचं वाचन म्हणजे 'अपूर्वाई' आणि 'पूर्वरंग'. त्यापलीकडे मी बँकेतला माणूस.


बाजीराव_रोड

अप्पा बळवंत चौकात जाऊन "फोटोग्राफी, सेमिस्टर दोन, प्रश्नसंच" असं मागा. मिळेल. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या)


निगेटिव्ह७८

बटणांचं नको म्हणता, तिथेच गाडी घसरते. आधी बटणं, मग बाकी सगळं.

नारायण पेठेत न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद डकवून मी डार्करूम केली होती. घरचे आंघोळीसाठी बाहेर ताटकळायचे आणि मी आत लाल दिव्याखाली ट्रे हलवत बसायचो. एका रोलला ३६ फोटो. चुकला की पैसे गेले, म्हणून प्रत्येक वेळी डोकं चालवावं लागायचं.

वारीचंच घ्या. समोर हजारो पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे, पांढरी धोतरं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला पांढरं म्हणजे काय ते कळत नाही. सगळं जग सरासरी करडं आहे असं धरून तो बिचारा हिशेब करतो. चौकट पांढऱ्याने भरली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो अंधारा करून टाकतो. टोप्या राखेत लोळवल्यासारख्या येतात. उपाय एका बटणाचा आहे: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एक, भर उन्हात कधी दीड. काळी घोंगडी पांघरलेला माणूस जवळून टिपायचा असेल तर उलट, उणे एक. एवढ्या गोष्टीसाठी माझी दोन वर्षं आणि वडिलांचे बरेच पैसे गेले.

हे ज्याने नीट मांडलं तो अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. 'द कॅमेरा', 'द निगेटिव्ह', 'द प्रिंट' अशी तीन पुस्तकं आहेत, त्यातलं मधलं बघा. काळ्याकुट्टापासून कोऱ्या कागदापर्यंत ० ते १० अशा ११ पायऱ्या तो पाडतो. पाचवी पायरी म्हणजे मीटरचा लाडका करडा. समोरची टोपी कितव्या पायरीवर बसवायची हे तुम्ही ठरवायचं, कॅमेऱ्याने नाही. फिल्म धुण्याची प्रकरणं भाचीने सोडून द्यावीत, पायऱ्यांचं सोडू नये. फारच जड वाटलं तर ब्रायन पीटरसनचं 'अंडरस्टँडिंग एक्स्पोजर'. १९९० पासून त्याच्या आवृत्त्या निघताहेत. जुनी मिळाली तरी घ्या, उजेड काही बदललेला नाही.


ओवी

काका, आदर आहे, पण हे सगळं व्हिडिओत सात मिनिटांत कळतं. यासाठी पुस्तक कशाला?


निगेटिव्ह७८

सात मिनिटांत बघून होतं. येत नाही.


शाईची_दौत

दोघांचंही खरं, पण धागाकर्त्याचा प्रश्न वेगळा आहे. बटण दाबायच्या आधी डोळ्यांनी काय करायचं?

माझ्या यादीत पहिला जॉन बर्जर. 'वेज ऑफ सीइंग', १९७२. बीबीसीवर चार भागांची मालिका झाली आणि तिच्यावरून हे पुस्तक. सात निबंध आहेत, पैकी तिनांत एक अक्षर नाही, नुसती चित्रं शेजारी शेजारी लावलीयेत. पहिल्या वाचनात मी ती पानं "चित्रंच तर आहेत" म्हणून भराभर उलटली होती. मग कळलं, परीक्षेचा पेपर तोच होता. हे चित्र याच्या शेजारी का? तैलचित्रातली बाई आणि जाहिरातीतली बाई, दोघी कोणाकडे बघताहेत? लक्ष्मी रोडवरचे साड्यांचे फलक तेव्हापासून मला पूर्वीसारखे दिसत नाहीत, हा एक तोटा.

सूचना: रस्त्यावरची चोरटी प्रत घेऊ नका. मी घेतली होती. अक्षरं ठीक, पण आतली चित्रं म्हणजे तव्याचं बूड. होल्बाइनच्या चित्रात तिरकी कवटी आहे असं लेखक सांगतोय आणि मी पान उलटंसुलटं करून काळ्या डागात कवटी शोधतेय!

मराठीत प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास'. बरव्यांच्या चित्रांत घड्याळ, झाडाचं पान असल्या साध्या वस्तू एकेकट्या येऊन बसतात आणि आपण बघतच राहतो. तोच माणूस लिहायला बसल्यावर वस्तू, तिची सावली, दोन वस्तूंमधली मोकळी जागा यांचा विचार करतो. 'मोकळी जागा' हा धडा फोटो काढणाऱ्याने गिरवायलाच हवा. आमच्याकडे चौकट मिळाली की ती मुंबईच्या लोकलसारखी भरायची सवय. द. ग. गोडशांचं 'पोत'ही सुचवते, पण ते हळूहळू. पहिल्याच भेटीत मुलगी घाबरून जाईल.

आणि गंमत म्हणून चित्रकार धुरंधरांचं 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे'. रावबहादूर १८९० साली जे.जे.मध्ये विद्यार्थी म्हणून शिरले आणि १९३१ साली निवृत्त होऊन बाहेर पडले, त्याचा हा वृत्तांत. जुनी भाषा, पण चित्र काढणं ही रोजची नोकरी कशी असते ते यातून कळतं.


बाजीराव_रोड

चोरट्या प्रतीवरून आठवलं. सुसान सोंटागचं 'ऑन फोटोग्राफी', १९७७. फोटोग्राफीवरचं इतकं गाजलेलं पुस्तक आणि आत औषधालासुद्धा फोटो नाही. तिथे तव्याच्या बुडाचा प्रश्नच येत नाही. (चोरटं घ्या असं म्हटलेलं नाही. संपादक, नोंद घ्यावी.)


अर्धाकप

बाप रे. मला वाटलं होतं दोन प्रतिसाद येतील, त्यातला एक "आधीच्या धाग्यात शोधा" असा असेल.

सोंटागबाई नेमकं काय म्हणतात? फोटो नसलेलं पुस्तक भाचीला कसं खपवू?


शाईची_दौत

थोडक्यात आणि माझ्या शब्दांत: फोटो काढणं ही निरुपद्रवी गोष्ट नाही. काढणारा काहीतरी घेतो. पर्यटकाला समोरच्या गोष्टीचं काय करावं ते कळत नाही तेव्हा तो तिचा फोटो काढतो, हे वाचून मी माझ्या केरळच्या सहलीचे सातशे फोटो आठवले आणि पुस्तक मिटून ठेवलं. आठवड्याने परत उघडलं. खपवू नका. तुमच्या घरी नुसतं टेबलावर ठेवा.


एसटीची_खिडकी

फोटोवाल्यांनी धागा पळवला, प्रवासवाले कुठे गेले?

प्रवासवर्णन म्हटलं की आपण थेट विमानात बसतो. मी सुरुवात गोडसे भटजींपासून करायला सांगेन, 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा कर्जबाजारी भिक्षुक. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून उत्तरेकडे निघतो आणि १८५७च्या धुमाळीत सापडतो. झाशीला वेढा पडला तेव्हा हा किल्ल्याच्या गावात. लुटला जातो, उपाशी राहतो, तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावरून घरी आणतो. पुस्तक छापून यायला १९०७ साल उजाडलं. मला त्यात लढाईइतकंच आवडतं ते त्याचं टिपणं: कुठल्या गावात काय शिजतं, बायका कशा राहतात, कोण कोणाशी कसं बोलतं. कॅमेरा नाही, वही नाही, सगळं डोक्यात साठवलं आणि कितीतरी वर्षांनी उतरवून काढलं. आपण सकाळचा नाष्टा फोनमध्ये बघून आठवतो.

परमुलूख हवाच तर मीना प्रभु. 'तुर्कनामा', 'गाथा इराणी', 'चिनी माती', 'मेक्सिकोपर्व'. एकट्या फिरल्या, माणसांच्या घरात शिरल्या. कधी कधी फारच तपशील देतात, बसचं भाडंसुद्धा सोडत नाहीत, पण भाचीच्या वयाच्या मुलीने एका बाईचा असा बिनधास्त प्रवास वाचावाच. विक्रम सेठचं 'फ्रॉम हेवन लेक'ही द्या. चीनमध्ये शिकत होता, सुट्टीला दिल्लीला घरी यायचं तर विमान सोडून ट्रकवाल्यांबरोबर तिबेटमार्गे आला. १९८३ सालचं पुस्तक, पातळ आहे.

आणि माझा सगळ्यात लाडका, पोलंडचा पत्रकार कापुश्चिन्स्की, 'ट्रॅव्हल्स विथ हेरोडोटस'. पेपरने १९५६ साली पहिल्यांदा देशाबाहेर पाठवलं ते थेट आपल्याकडे, भारतात. इंग्रजी येत नाही. दिल्लीत हेमिंग्वेची कादंबरी विकत घेतो आणि शब्दकोश घेऊन खोलीत बसून तिच्यावर इंग्रजी शिकतो. आपला देश एका भांबावलेल्या परक्याला कसा दिसला हे वाचताना फार मजा येते. "आपल्याला काहीच कळलेलं नाही" हे तो कबूल करतो, आणि म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.


ओवी

एसटी, +१. शेवटच्या वाक्याला तर +१००.

माझी तक्रार अशी की 'दुसऱ्या संस्कृती'वरची फोटोंची पुस्तकं बहुतेक एकाच साच्याची. सुरकुत्यांचा म्हातारा, हिरव्या डोळ्यांची मुलगी, लाल पागोटं, मागे निळी भिंत. स्टीव्ह मॅकरीची पुस्तकं मी कॉलेजात असताना देवासारखी बघायचे. मग २०१६ साली इटलीतल्या एका प्रदर्शनात त्यांच्या क्यूबाच्या एका फोटोत खांबाची जोडणी फसलेली दिसली आणि एकेक फोटो बाहेर येत गेला. कुठे माणूस गायब, कुठे गाडीवरचं सामान. मी बातमीदार नाही, चित्रांतून गोष्ट सांगणारा आहे, असं त्यांनी मग सांगितलं. ठीक आहे. पण माझा देश असा धुऊन-पुसून कोणी मला दाखवावा हे मला चालत नाही.

त्यापेक्षा सुनी तारापोरवालांचं पारशांवरचं पुस्तक घ्या. स्वतः पारशी, वर्षानुवर्षं घरच्यांचे, शेजारच्यांचे, लग्नांचे, नवजोतांचे (त्यांची मुंज म्हणा) फोटो काढले, ते २०००च्या सुमारास पुस्तकात आले. त्यातल्या म्हाताऱ्या बायका कॅमेऱ्याकडे "जेवलीस का?" अशा नजरेने बघतात. किंवा दयानिता सिंगचं 'मायसेल्फ मोना अहमद', २००१. दिल्लीतल्या कबरस्तानात राहणारी हिजडा मोना, आणि पुस्तकातला मजकूर म्हणजे मोनाने स्वतः प्रकाशकाला लिहिलेल्या ईमेल. ज्याचा फोटो, त्याचेच शब्द.


निगेटिव्ह७८

रंगांचं काही बोलता तर रघुवीर सिंग राहिले की. 'रिव्हर ऑफ कलर', १९९८. रंगीत फोटो म्हणजे कॅलेंडर आणि खरी कला कृष्णधवल, असं मीही छातीठोक सांगायचो. या माणसाने मला खोटं पाडलं. एका चौकटीत आठ-दहा गोष्टी घडताहेत, आरसा आहे, गाडीचं दार आहे, बाहेर पाऊस आहे, तरी गर्दी होत नाही. शाईची_दौत यांच्या मोकळ्या जागेला हा एक अपवाद. माझ्याकडे प्रत आहे. विकणार नाही.


परतीचा_पाऊस

इथे कोणीच 'कॅमेरा ल्युसिडा' म्हटलं नाही म्हणून लिहितेय. रोलां बार्थ, १९८०. फ्रेंच माणूस, अर्धं पुस्तक डोक्यावरून जातं, माझ्याही गेलं.

त्याची आई वारते. तो जुने फोटो चाळत बसतो आणि एकाही फोटोत त्याला 'ती' सापडत नाही. शेवटी आईच्या पाचव्या वर्षीचा, काचघरात भावाबरोबर उभी असलेला एक फोटो सापडतो आणि त्यात ती असते. पुस्तकात बाकी बरेच फोटो छापलेत. हा छापलेला नाही. तुम्हाला त्यात काही दिसणार नाही, तुमच्यासाठी तो इतर हजार फोटोंसारखाच, असं म्हणतो.

आईच्या आधीच्या आयुष्याचा आमच्याकडे एकच फोटो आहे. लग्नाच्या बोलणीसाठी स्टुडिओत काढलेला, वर बटरपेपर, मागे जांभळा शिक्का. रिटच करून भुवया कोरल्यात, ओठ पातळ केलेत, हातात कोणाचं तरी घड्याळ आहे. ती नाहीच त्यात. फक्त डावा हात पदराचं टोक बोटाला गुंडाळतोय, आणि तसं ती शेवटपर्यंत करायची. फोन आला की, डॉक्टर बोलायला लागले की. स्टुडिओवाल्याला ते पुसायचं सुचलं नाही.

भाचीला आत्ता देऊ नका. पंचविशीनंतर.


शाईची_दौत

__/\__


बाजीराव_रोड

(प्रतिसाद लिहिला होता, खोडला. वरच्या प्रतिसादाखाली तो विनोद शोभला नसता.)


सातासमुद्रापार

उशिरा आलो, इथे रात्र होती. वारीच्या फोटोंचं पुस्तक कोणीच कसं सुचवलं नाही? उद्धव ठाकऱ्यांचं 'पहावा विठ्ठल' आमच्या हॉलमध्ये ठेवलेलं आहे. सगळे फोटो आकाशातून. इथले गोरे मित्र पान उलटून थक्क होतात.


बाजीराव_रोड

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)


अर्धाकप

कृपा करून राजकारण नको, माझा पहिलाच धागा आहे हो.


एसटीची_खिडकी

राजकारण बाजूला ठेवून बोलू. वरून वारी सुंदर दिसते यात वाद नाही. घाटातून पांढरी नदी चाललीये असं वाटतं. पण वरून माणूस दिसत नाही, टोपी दिसते.

त्याच्या बरोबर उलट टोकाचं लिखाण इरावती कर्व्यांचं. 'परिपूर्ती'मध्ये 'वाटचाल' नावाचा लेख आहे, त्या स्वतः दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या त्याचा. पुस्तक १९४९चं. आपल्याच डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ, मोजमापं घेणाऱ्या बाई. पण या लेखात त्या मोजत नाहीत, चालतात. पाय दुखतात, चिखल होतो, बायकांशी गप्पा होतात, अभंग सगळे एका सुरात म्हणतात. आणि जेवणाची वेळ झाली की ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी. बाईंना ते सलत राहतं आणि त्या ते लपवत नाहीत. भक्तीने भारावून जातात, आणि त्याच भारावलेपणात ही फटही त्यांना दिसते. परक्या संस्कृतीबद्दल कसं लिहावं याचा माझ्या मते मराठीतला सगळ्यात मोठा धडा हा आहे, आणि तो शिकायला पुण्याच्या बाहेर शंभर-दीडशे मैलच जावं लागतं. परदेशी वाचकांसाठी त्याचं इंग्रजी भाषांतर १९६२ साली एका अमेरिकन नियतकालिकात आलं. सातासमुद्रापार, तुमच्या गोऱ्या मित्रांना तेही द्या, त्या पुस्तकाच्या शेजारी ठेवून. बर्जरने शिकवलंय तसं.


सातासमुद्रापार

मान्य. वाटचाल शाळेत कधीतरी ऐकलं होतं, वाचलं नव्हतं.

पण एक विचारतो. मी दर वर्षी ते फोटो बघतो तेव्हा मला टोपी दिसत नाही, मला घर दिसतं. आठ हजार मैलांवरून तसंही वरूनच बघावं लागतं.


ओवी

हे मला सुचलं नव्हतं.

मधला रस्ता सांगते: संदेश भंडारे. 'वारी : एक आनंदयात्रा' आणि 'तमाशा : एक रांगडी गंमत'. फोटो जमिनीवरून काढलेले. तमाशाचं तर आवर्जून बघा. फडाबरोबर राहिल्याशिवाय असले फोटो मिळत नाहीत. नारायणगावला पाडव्याच्या आसपास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात, तिथे मी एकदा कॅमेरा घेऊन गेले होते. दोन तासांत परत आले. माझे फोटो 'तमाशा बघायला गेलेल्या मुलीचे' होते.


शाईची_दौत

आता पैशांचं बघू. ही सगळी पुस्तकं तीन हजारांत बसणार नाहीत, फोटोंची तर एकेकच त्याच्या वर जातात. म्हणून विकत फक्त मराठी घ्या आणि बर्जर. 'परिपूर्ती', 'माझा प्रवास' आणि 'कोरा कॅनव्हास' बाजीराव रोडच्या कुठल्याही बऱ्या दुकानात विचारा. बाकी वाचनालयं. नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, तिथल्या जुन्या प्रवासवर्णनांच्या कपाटापाशी मी अर्धं आयुष्य काढलंय. जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी सकाळी लवकर गेलात तर परदेशी मासिकांचे गठ्ठे मिळतात. भाव करताना पुस्तक हातात धरू नका, शेजारचा पाना किंवा बल्ब हातात धरा.

आणि एक फुकटातलं. तानिझाकी नावाच्या जपानी लेखकाचा एक छोटा निबंध आहे, इंग्रजीत 'इन प्रेज ऑफ शॅडोज'. १९३३ सालचा. जपानी पद्धतीचं घर बांधायचं तर विजेच्या तारा कुठे लपवायच्या, या रडगाण्यापासून सुरुवात होते आणि हळूहळू तो सांगतो की आमची लाखेची भांडी, सोन्याचं नक्षीकाम, सगळं मंद उजेडासाठी घडवलेलं आहे. लख्ख दिव्याखाली ते भडक दिसतं, मेणबत्तीच्या उजेडात जिवंत होतं. तासा-दीड तासात वाचून होतो. तो वाचून झाला की भाचीला घेऊन राजा केळकर संग्रहालयात जा आणि फक्त दिव्यांची दालनं बघा. समया, लामणदिवे, हातदिवे. ट्यूबलाइटखाली काचेत ठेवलेत बिचारे. केळकरांनी घरोघर, वाड्या-वाड्यांतून हे जमवलं आणि लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं. त्या दिव्यांच्या उजेडात पैठणी कशी दिसत असेल याची कल्पना करायची. हा माझा फोटोग्राफीचा क्लास. फी नाही, तिकीट तुमचं.


निगेटिव्ह७८

केळकरचं उत्तम. पण मुलीला अधिक एक, उणे एक सांगितलंत का?


अर्धाकप

सांगतो काका, सांगतो. 'परिपूर्ती' आणि 'कोरा कॅनव्हास' आणलं. बर्जर मागवलाय (अस्सल). गोडसे भटजी सासऱ्यांच्या कपाटात सापडले, कसर लागलेले. सर्वांचे मनापासून आभार, वाखुसा (वाचनखूण साठवली).


(साधारण तीन आठवड्यांनी)


अर्धाकप

धागा वर काढतोय, वृत्तांत द्यायचा राहिला होता.

भाची पहाटे भवानी पेठेतून माउलींच्या पालखीबरोबर निघाली. हडपसरपर्यंत फोनवर फोन, मग गप्प. रात्री साडेनऊला सासवडहून फोन आला, "मामा, पायाला फोड आलाय, आजचा मुक्काम एका दिंडीत करते." माझी बायको अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

४१२ फोटो काढलेत. दिवे घाटात वरच्या वळणावर इतर फोटोवाल्यांबरोबर तीही चढून बसली होती, तिथले दोनशे. बर्जर तिने उघडलेला नाही. 'वाटचाल' मात्र आदल्या रात्री वाचली होती. तिच्या दिंडीत जेवताना पंगत एकच होती, हे तिने मला परत परत सांगितलं. मग म्हणाली, "पण वाढत कोण होतं ते मी बघायला विसरले."

एकच फोटो मला आवडला. ट्रकच्या सावलीत एक आजोबा बसलेत. टाळाची दोरी तुटलीये, ती ओवून घेताना दोरीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात ताणून धरलंय आणि दोन्ही हातांनी गाठ मारताहेत. चेहरा चौकटीत नाहीच. नखांत बुक्का, अंगठ्याला चिंधी, पितळेवर उजेडाचा एक ठिपका. कसा काढलास विचारलं तर म्हणाली, फोडामुळे अर्धा तास त्यांच्याशेजारीच बसून होते, कॅमेरा मांडीवर होता. फोटो काढल्यावर आजोबा म्हणाले, "झालं का तुझं? मग आता हे धर," आणि दोरीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं.

काका, एक कबुली द्यायचीये. अधिक एक सांगायचं मी विसरलो. घाटातल्या दोनशेच्या दोनशे फोटोंत टोप्या करड्या आल्यात.


निगेटिव्ह७८

सांगितलं होतं.

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढलेत का?


अर्धाकप

जेपेग.


निगेटिव्ह७८

जेपेगमधूनही एखादा स्टॉप उजेड निघतो, सगळं हातचं गेलेलं नाही. टाळवाल्या फोटोला हात लावू नका, तो आहे तसा बरोबर आहे. कार्ड आणि पोरगी, दोघांना रविवारी घेऊन या. रघुवीर सिंग टेबलावर काढून ठेवतो, हात धुऊन बघायचं. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. दुपारी झोपतो, चारनंतर या.


ओवी

मीपण येऊ का काका?